एम.ए. इंग्रजी विभागाचं मूल्यमापन: फाइलीपुरतं नको, खरं करायचं आहे. नाशिककरांनो, मतं हवीत

गोदाकाठची_शिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमधल्या एका संलग्न महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. आमच्याकडे एम.ए.चं केंद्र आहे आणि त्याची जबाबदारी गेल्या वर्षापासून माझ्याकडे आली आहे. आता आयक्यूएसीने (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाने) प्रत्येक पदव्युत्तर विभागाकडून मूल्यमापन आणि सुधारणेचा आराखडा मागवलाय. नमुना ठरलेला आहे. निकालाची टक्केवारी, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, सीओ-पीओची एक्सेल (विषयाची आणि अभ्यासक्रमाची उद्दिष्टं किती साधली याचा तक्ता), नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेल्यांची संख्या, झालेले कार्यक्रम आणि त्यांचे फोटो. एवढं भरून द्यायला मला आठवडाही लागणार नाही.

मला खटकतंय ते वेगळंच. त्या एक्सेलमध्ये आमचे जवळपास सगळे विषय वरच्या पातळीवर दिसतात. अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये सगळे शिक्षक 'उत्तम' आहेत. आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी एक न शिकवलेली छोटी कविता दिली, नाव-गाव काढून, आणि म्हटलं, यावर एक पान लिहा. बहुतेकांनी पहिल्या ओळीत विचारलं, 'मॅडम, कवी कोण?' कवी सांगितला असता तर त्याचं चरित्र आलं असतं. सांगितला नाही तर कागद कोरे राहिले, किंवा 'या कवितेत निसर्गाचं सुंदर वर्णन आहे' इथवर येऊन थांबले. ही मुलं हुशार आहेत. त्यांतल्या काहींना पहिल्या वर्षी चांगले गुण आहेत. दोन वर्षं साहित्य शिकून एक कविता एकट्याने वाचायची भीती वाटत असेल, तर आम्ही त्यांना काय दिलं, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

वर्ग कसा आहे ते सांगते, म्हणजे उत्तरं त्या बेताने देता येतील. निम्मी मुलं निफाड, दिंडोरी, कळवण, सुरगाणा, पेठ या बाजूची. काही जण सातपूर-अंबडला शिफ्ट करून येतात. लग्न झालेल्या मुली बऱ्याच आहेत. जानेवारीपासून द्राक्षाची काढणी सुरू झाली की दुसऱ्या सत्राचा वर्ग अर्ध्यावर येतो. पहिल्या सत्राला प्रवेश घेतलेल्यांपैकी बरेच जण चौथ्या सत्राला दिसत नाहीत, आणि ते कुठे गेले याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही. पूर्णवेळ आम्ही दोघं, बाकी सगळे सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर.

माझे प्रश्न:
मुलं प्रत्यक्षात काय शिकली हे कसं तपासायचं, म्हणजे गुणांच्या पलीकडे?
अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं. मग आमच्या हातात नेमकं काय आहे?
आणि गळालेल्या मुलांकडे कुणी कधी गेलंय का? कसं?

---

निवृत्त_इंदिरानगर

मॅडम, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी हा विषय नाशिक जिल्ह्यात बरीच वर्षं शिकवला, दुसऱ्या महाविद्यालयांत परीक्षक म्हणून गेलो, समित्यांवर बसलो. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. नॅकचे, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे, निकष हे संपूर्ण संस्थेसाठी आहेत. ग्रंथालय, मैदान, प्रशासन, विद्यार्थी-सोयी, सगळं त्यात येतं आणि ते यायलाच हवं. पण त्या चाळणीतून एका विभागाचा एक अभ्यासक्रम बरा चाललाय की नाही हे कळत नाही, कारण ती चाळणी त्यासाठी बनलेलीच नाही. आयक्यूएसीचा नमुना भरून द्या. तुमचं खरं काम त्याच्या बाजूला, वेगळ्या वहीत चालू द्या.

सीओची एक्सेल चांगली का दिसते? ती गुणांवरून निघते. गुण प्रश्नपत्रिकेवरून मिळतात. प्रश्नपत्रिका जर पाठांतर विचारत असेल, तर एक्सेल पाठांतरच मोजणार. वरच्या रकान्यात 'चिकित्सक विचार' लिहिलं म्हणून आकडा बदलत नाही. तेव्हा पहिलं काम: मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका टेबलावर पसरा. प्रत्येक प्रश्नापुढे एकच खूण करा: मूळ पुस्तक न उघडता, फक्त गाइड वाचून याचं पूर्ण गुणांचं उत्तर लिहिता येतं का? येत असेल तर फुली. दुपारभराचं काम आहे. किती फुल्या पडतात ते बघा आणि ती संख्या अहवालाच्या पहिल्या पानावर घाला.

दुसरं काम उत्तरं वाचण्याचं. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तुमच्या ताब्यात नसतात, पण अंतर्गत मूल्यमापनाचे लेखी निबंध असतात. त्याच विद्यार्थ्यांचे पहिल्या सत्रातले आणि चौथ्या सत्रातले निबंध काढा, नावं झाका, क्रम मिसळा. एकदा तुम्ही वाचा, एकदा बाहेरच्या महाविद्यालयातल्या शिक्षकाला वाचू द्या. गुण देऊ नका. तीनच गोष्टी बघा. मूळ संहितेतली ओळ स्वतः शोधून घेतली आहे का? त्या ओळीबद्दल काही म्हटलंय का, की नुसती चिकटवली आहे? आणि मांडलेल्या मुद्द्यावर एखादी अडचण, एखादा विरुद्ध पुरावा विचारात घेतलाय का? कोणता निबंध पहिल्या सत्राचा आणि कोणता चौथ्याचा, हे वाचणाऱ्याला ओळखता आलं नाही, तर दोन वर्षांत त्या मुलाच्या हाती काय पडलं ते तुम्हाला कळलं.

एक उदाहरण देतो, कारण हे मी इतक्या वेळा पाहिलंय. वर्ड्‌स्वर्थवर प्रश्न आला की प्रत्येक पेपरात 'भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक' ही व्याख्या येते. त्यावरून उत्तर असं जातं की वर्ड्‌स्वर्थला विचार नको होता, भावना हवी होती. आता ते वाक्य जिथे आहे तिथे, म्हणजे 'लिरिकल बॅलड्स'च्या १८०० सालच्या प्रस्तावनेत, जाऊन बघा. त्याच वाक्यात पुढे तो म्हणतो की मोलाची कविता त्याच माणसाच्या हातून झाली, ज्याने दीर्घकाळ आणि खोलवर विचारही केला होता. म्हणजे जे सिद्ध करायला मुलं ती व्याख्या वापरतात, त्याच्या उलट ते वाक्य सांगतंय. गाइडात वाक्य अर्ध्यावर तोडलंय, मुलांनी तोडलेलं पाठ केलंय, आणि परीक्षकाने त्यालाच गुण दिलेत. यात दोष एकट्या मुलाचा नाही. आपण त्याला ते पान कधी उघडून दाखवलं नाही. प्रस्तावनेची ती दोनच पानं वर्गात तासभर हळूहळू वाचली असती, तर चार तासांच्या व्याख्यानाची गरज नव्हती.

तुमचा दुसरा प्रश्न, हातात काय आहे. पुष्कळ आहे. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे दोन वर्षांचं एम.ए. ८८ क्रेडिटचं झालं. त्यात संशोधन पद्धतीचे ४ क्रेडिट, दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात ६. शिवाय ऐच्छिक विषय कोणता उघडायचा, अंतर्गत गुणांसाठी मुलांकडून काय करून घ्यायचं, हे तुम्हीच ठरवता. विषयांची यादी पुण्याच्या विद्यापीठाकडून आली, तरी वर्गातला तास तुमचा आहे.

हे प्रकल्प बहुतेक ठिकाणी कसे होतात ते तुम्हालाही माहीत आहे. 'अमुक लेखिकेच्या कादंबरीतील स्त्रीवाद', शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरून उचललेली पन्नास पानं, स्पायरल बाइंडिंग, संपलं. नाशिकमध्ये बसून असं करणं म्हणजे हातचं सोडून देणं आहे. कुसुमाग्रजांनी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' केलं. दोन्ही संहिता शेजारी ठेवून एकच प्रवेश घ्या, डंकनच्या खुनानंतरचा. मराठी प्रेक्षकासाठी काय बदललं, काय गाळलं, का, यावर पंधरा पानं मुलाने स्वतः लिहिली तर शेक्सपिअरही वाचून होतो आणि रूपांतराचा सिद्धान्तही. दलित कथाकार बाबुराव बागूल आपल्या नाशिकजवळच्या विहितगावचे. त्यांच्या १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाचा इंग्रजी अनुवाद जेरी पिंटोंनी २०१८ मध्ये केला. मूळ मराठी आणि इंग्रजी दोन्ही सहज वाचू शकणारा विद्यार्थी तुमच्या वर्गात बसलाय. दिल्ली किंवा लंडनमधल्या इंग्रजीच्या वर्गात असा मुलगा शोधावा लागतो. त्याला त्याचं हे बळ आपण सांगत नाही, उलट 'तुझं इंग्रजी कच्चं आहे' एवढंच ऐकवतो.

ग्रंथालयाची अडचण असेल तर सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व काढून द्या. १८४० पासूनची संस्था आहे. मुलं तिथे एकदा सोबत नेली की पुढे आपणहून जातात, हा माझा अनुभव.

---

सुरगाणा_ते_सीबीएस

मॅडम नमस्कार. मी नाशिकलाच एम.ए. इंग्रजी केलं, आता आश्रमशाळेवर आहे. सरांनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण आमच्या बाजूने थोडं सांगतो.

माझी घरची बोली कोकणा. मराठी शाळेत शिकलो, इंग्रजी कॉलेजात. एम.ए.च्या पहिल्या सत्रात मला वर्गात शब्द ऐकू यायचे, अर्थ लागत नव्हता. विचारायची लाज वाटायची कारण शहरातली मुलं मान हलवत होती. पुढे त्यांच्याशी ओळख झाल्यावर कळलं की त्यांनाही लागत नव्हता. मग गाइड घेतलं. मॅडम, गाइड आळशीपणाने कोणी घेत नाही. सहा पुस्तकं एका सत्राला, प्रत्येक इंग्रजीत, वसतिगृहात एका खोलीत चौघं, आणि परीक्षा डोक्यावर. गाइड काढून घेतलं तर त्याच्या जागी काय देणार ते आधी ठरवा.

मला ज्याने वाचवलं ते सांगतो. एक सीएचबीवरचे सर होते. ते तासाला कादंबरीचं एक पान मोठ्याने वाचायचे, थांबायचे, आणि म्हणायचे, काय चाललंय ते मराठीत बोला. आम्ही मराठीत भांडायचो. नायक चुकला की नाही, बाई खोटं बोलतेय की नाही. मग शेवटची पंधरा मिनिटं: आता जे बोललात ते इंग्रजीत पाच वाक्यांत लिहा. चुका झाल्या तरी चालतील, पण वाक्य तुमचं पाहिजे. ती पाच वाक्यं ते घरी नेऊन तपासायचे. एका वर्षात माझं लिहिणं त्याने सुधारलं. पुढच्या वर्षी सरांचे तास दुसऱ्या कॉलेजला लागले आणि ते गेले. त्यांची ही पद्धत विभागात कुणी लिहूनसुद्धा ठेवली नाही. आराखड्यात हे घ्या, की सीएचबीवरचा माणूस काय चांगलं करतोय ते बाकीच्यांनी जाऊन बघायचं.

गळालेल्यांबद्दल. माझ्या बरोबरचे तिघं दुसऱ्या सत्रानंतर आले नाहीत. एकाच्या वडिलांचा द्राक्षबाग वाट्याने होता, काढणीत हजेरी गेली, परीक्षा दिली नाही. एक मुलगी लग्न होऊन गुजरातच्या बाजूला गेली. तिसऱ्याला दोन विषय राहिले आणि त्याला वाटलं आपलं हे काम नाही. तो तिसरा परत आला असता, कुणी एक फोन केला असता तर. फोन करताना विभागप्रमुखांनी करू नका, घाबरतात. त्यांच्याच वर्गातल्याला करायला सांगा. आणि 'का सोडलं' असं विचारू नका, 'परत यायला काय लागेल' असं विचारा. आता एक वर्ष पूर्ण करून पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, हेही अर्ध्या मुलांना माहीत नसतं. दोन सत्रं पास झालेला मुलगा रिकाम्या हाताने घरी बसतो.

नेट-सेटचा एक मुद्दा. त्या परीक्षेत लिहायचं काही नसतं. पेपर एकमध्ये ५० प्रश्न, पेपर दोनमध्ये १००, सगळे पर्यायी. मी सेट झालो, मला आनंद आहे, पण मी सेट झालो यावरून मला निबंध लिहिता येतो हे सिद्ध होत नाही. म्हणून तो आकडा एकटा धरू नका. उलट त्या अभ्यासक्रमात सांस्कृतिक अभ्यास, भारतातलं इंग्रजी, संशोधन पद्धती असे भाग आहेत, ते आम्हाला क्लास लावून शिकावे लागले. तेवढ्यासाठी आठवड्याला एक तास कॉलेजात ठेवला तर मुलांचे पैसे वाचतील.

---

अंबड_टेक्निकल_रायटर

मी एम.ए. इंग्रजी करून अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांची माहितीपत्रकं आणि सूचनापुस्तिका लिहिते. थोडक्यात दोन गोष्टी.

ताई, नोकरीच्या नावाखाली एम.ए.चा स्पोकन इंग्लिशचा क्लास करू नका. माझ्या कामात बोलण्याचा भाग कमी आहे. चाळीस पानांचा करार किंवा तांत्रिक मजकूर न कंटाळता वाचायचा, त्यात कुठे दोन अर्थ निघतात ते शोधायचं, आणि तो परिच्छेद दुसऱ्याला समजेल असा पुन्हा लिहायचा, हे मला एम.ए.ला कविता बारकाईने वाचायला लावल्या म्हणून जमतं. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या एम.ए.वाल्यांना मी एक परिच्छेद देते आणि निम्म्या शब्दांत लिहा म्हणते. तिथेच बहुतेक अडतात. हा सराव कोणत्याही पेपरमध्ये घालता येईल.

दुसरं, ऑन जॉब ट्रेनिंगबद्दल. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. ते जर सहीच्या कागदापुरते झाले तर न केलेले बरे. कंपनीत, वर्तमानपत्रात, द्राक्ष निर्यातदाराच्या कचेरीत, कुठेही पाठवा, पण तिथे मुलीच्या लिखाणावर लाल पेन चालवणारा एक माणूस ठरलेला हवा, आणि तिने लिहिलेले, खोडलेले, पुन्हा लिहिलेले मसुदे विभागात जमा व्हायला हवेत. ते मसुदे हाच तुमचा पुरावा. मी दोन मुलींना घ्यायला तयार आहे, मेसेज करा.

---

नाशिकरोडचा_परदेशी

शिक्षण नाशिकरोडला, आता अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात शिकवतो. इथली पद्धत जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणणार नाही, पण त्यातला एक तुकडा तुमच्या कामाचा आहे.

इथे पदव्युत्तर कार्यक्रमाचा आढावा ठरावीक वर्षांनी होतो. विभाग आधी स्वतःबद्दल अहवाल लिहितो: किती आले, किती पूर्ण झाले, किती काळ लागला, पुढे कुठे गेले, कोणते विषय प्रत्यक्षात शिकवले गेले आणि कोणते फक्त कागदावर आहेत. मग दुसऱ्या विद्यापीठांतले दोन-तीन प्राध्यापक येऊन एक-दोन दिवस राहतात. त्यांच्या भेटींत सगळ्यात मोलाची असते विद्यार्थ्यांची बैठक, जिला विभागाचा एकही शिक्षक हजर नसतो. अभिप्रायाच्या फॉर्मवर जे कधी येत नाही ते तिथे अर्ध्या तासात बाहेर पडतं. पाहुणे अहवाल देतात आणि विभागाला त्याला मुद्द्यागणिक लेखी उत्तर द्यावं लागतं: हे करू, हे करणार नाही, कारण असं. ब्रिटनमध्ये बाहेरचा परीक्षक असतो, तो तपासलेल्या पेपरांचे नमुने वाचतो आणि विभागाचा दर्जा बाकीच्या विद्यापीठांच्या तोडीचा आहे का यावर लेखी मत देतो. निवृत्त सरांनी सुचवलेलं निबंधवाचन त्याच जातीचं आहे.

आणखी एक. 'मोठ्या' विद्यापीठांनाही हे प्रश्न सुटलेले नाहीत. अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या (भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या संघटनेच्या) समितीने २०१४ मध्ये पीएच.डी.च्या शिक्षणावर अहवाल दिला. पीएच.डी. पाच वर्षांत पूर्ण व्हावी, प्रबंधाचं स्वरूप मोकळं करावं, आणि विद्यार्थ्यांना प्राध्यापकीच्या बाहेरच्या कामांसाठीही तयार करावं, असा त्याचा रोख होता. कारण तिथेही माणसं प्राध्यापकीसाठी घडवली जात होती आणि जागा नव्हत्या. तुमच्याकडे येणारी मुलंही बहुतेक शिक्षक व्हायलाच येत असतील. किती जण झाले, बाकीचे काय करतात, ही यादी आधी बनवा. पदवी घेऊन गेलेल्यांना फोन करायला दोन विद्यार्थी बसवले तर एका सत्रात होते.

आढाव्याला पैसा आणि जागा जोडलेल्या असतात हा इथला फायदा. तुमच्याकडे रिक्त पदं भरणं विभागाच्या हातात नाही. ते अहवालात स्पष्ट लिहा, पण अहवाल तिथेच संपवू नका.

---

गोदाकाठची_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरगाण्याच्या दादांचं उत्तर मी आमच्या दोन सीएचबी सहकाऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांच्यातली एक अगदी असंच शिकवते, आणि मला ते ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी तिच्या तासाला मागच्या बाकावर बसणार आहे.

तरी दोन अडचणी मांडते. सीएचबीच्या सहकाऱ्यांना तासाप्रमाणे मानधन मिळतं. निबंध वाचण्याचं, तपासण्याचं, बैठकीचं काही मिळत नाही. त्यांच्याकडून हे काम फुकट करून घेणं मला मान्य नाही. आणि दुसरं, प्रश्नपत्रिकांवर फुल्या मारून मी प्राचार्यांकडे गेले तर 'मग निकाल खाली येईल' हे पहिलं वाक्य असेल. निकाल खाली आला तर पुढच्या वर्षी प्रवेश कमी होतील आणि केंद्रावरच प्रश्न येईल. ही भीती खोटी नाही. निवृत्त सर, यावर काय करावं?

---

निवृत्त_इंदिरानगर

मॅडम, पहिल्यावर तुमचंच बरोबर. सीएचबीवाल्यांवर हे टाकू नका. वाचनाला आमच्यासारखे निवृत्त लोक घ्या. नाशिकमध्ये इंग्रजीचे माजी प्राध्यापक कमी नाहीत आणि दुपारी आम्हाला वेळ असतो. बाहेरचा वाचक हवाच आहे, तो असा मिळेल.

दुसऱ्यावर: सगळं एकदम बदलू नका. विद्यापीठाचा पेपर तुमच्या हाती नाही, तो आहे तसा राहील, निकालही. तुम्ही अंतर्गत गुणांचा एकच भाग बदला. प्रत्येक विषयात एक न शिकवलेला उतारा, एक पान, वर्गात, पुस्तक उघडं ठेवून. पहिल्या सत्रात त्याला कमी वजन, चौथ्यात जास्त. सुरुवातीला गुण सढळ द्या, पण शेरा प्रामाणिक लिहा. चार सत्रांचे हे कागद एका मुलाच्या एका फाइलीत राहू द्या. प्राचार्यांना आकडा हवा असतो हे मी समजू शकतो. दोन वर्षांनी तुम्ही त्यांच्यापुढे एका मुलाचे चार कागद क्रमाने ठेवाल तेव्हा त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही. तेही कधीकाळी शिकवत होतेच.

आणि उतारे निवडताना पाठ्यपुस्तकी निवडू नका. वर्तमानपत्रातला अग्रलेख, निकालपत्रातला परिच्छेद, आजची कविता, बागुलांच्या कथेचं इंग्रजी पान, काहीही चालेल. ज्याचं गाइड बाजारात नाही असं.

---

गोदाकाठची_शिक्षिका

ठरवलं सर. या सत्रापासून दोन विषयांत उघड्या पुस्तकाचा उतारा सुरू करतेय, माझ्या आणि पूर्णवेळ सहकाऱ्याच्या. दुसऱ्या वर्षाच्या वर्गप्रतिनिधीला सोडून गेलेल्या मुलांची यादी दिली आहे; विचारायचा प्रश्न सुरगाण्याच्या दादांनी सांगितला तोच. विद्यार्थ्यांची शिक्षकांशिवायची बैठक घ्यायला बाहेरचं माणूस हवंय. नाशिकमधल्या दुसऱ्या महाविद्यालयातून कुणी शनिवारी सकाळी दोन तास देऊ शकत असेल तर कृपया इथेच कळवा. आणि दिवाळीच्या सुट्टीत निबंध वाचायला निवृत्त सरांखेरीज अजून एक वाचक लागेल. झेरॉक्स, चहा आणि टेबल आमच्याकडून.

---

सुरगाणा_ते_सीबीएस

मॅडम, शनिवारी आमची शाळा सकाळची असते, त्यामुळे बैठकीला जमणार नाही. सुट्टीत वाचायला मी येतो. सेट झालोय, चालेल का?

---

गोदाकाठची_शिक्षिका

चालेल म्हणजे काय, तुम्हीच हवे आहात. पत्ता मेसेज करते.